पाट्याचे पोलाद

कल्याणच्या लोहार आळीत त्या काळी नऊ भाते होते, आणि नऊही भात्यांपुढे तापणारे लोखंड एकाच जातीचे होते. लष्कराच्या छावणीतून लिलावात निघालेल्या मोटारींच्या कमानी, त्या कमानींचे हात-हात लांबीचे पाटे, गंजलेले, तेलकट, दारोदार एकावर एक रचलेले. पाटा तापवायचा, छिन्नीने उभा चिरायचा, ठोकून लांबवायचा, तेलात बुडवून पाणी पाजायचे, आणि सुरी, कोयता, विळा असे गिऱ्हाइकाने जे मागितले असेल ते नाव त्याला द्यायचे. विकताना मात्र ते मोटारीचे पोलाद राहत नसे. गिऱ्हाईक विचारी, "रेल्वेचंच ना?" आणि लोहार म्हणे, "मग काय आगबोटीचं?" रेल्वेच्या डब्याखालची शेवटची कमान आळीत आली त्याला वीस वर्षे होऊन गेली होती. हे विकणाऱ्याला ठाऊक होते, घेणाऱ्यालाही बहुधा ठाऊक होते. पण तो प्रश्न विचारला आणि ते उत्तर ऐकले की दोघांचेही समाधान होई.

धोंडीबा लोहाराचा मुलगा सहदेव हा सवाल-जबाब सुरू झाला की मान खाली घालून कानशीत अडकलेला कीस झाडू लागे. सव्वीस वर्षांचा, अंगाने किरकोळ, आवाजाने त्याहून किरकोळ. चार माणसांत उभे राहून एखादी गोष्ट खोटी आहे असे म्हणायला जी छाती लागते ती त्याच्यापाशी नव्हती. म्हणून तो मनातल्या मनात तुच्छ मानी. आळीला तुच्छ मानी, आळीच्या गिऱ्हाइकांना तुच्छ मानी, आणि पाट्याच्या पोलादाला तर सर्वांत जास्त. कसेही तापवा, कसेही बुडवा, ते आपले मुकाट्याने सुरी होऊन बाहेर पडे. त्याला स्वतःचे असे काही म्हणणेच नव्हते.

सहदेवने दुसरे पोलाद पाहिले होते. युद्धाच्या काळात अंबरनाथकडच्या एका कारखान्यात तो चार वर्षे यंत्रांची कापायची हत्यारे घडवणाऱ्या खात्यात कामाला होता. तिथे लेथवर चाललेले हत्यार तापून लाल झालेले त्याने पाहिले, निखाऱ्यासारखे धुमसताना पाहिले, आणि तशाही स्थितीत समोरच्या लोखंडाची साल ते अलगद सोलत चालले होते. कुठलेही पोलाद लाल झाले की मऊ पडते, हे त्याच्या घराण्यात तीन पिढ्यांचे ज्ञान. हे पोलाद लाल होऊनही आपला हट्ट सोडत नव्हते. कामगार त्याला हायस्पीड म्हणत आणि विडी ओढत पुढे जात. सहदेव मात्र त्या लाल टोकाकडे पाहत उभा राही, आणि आपल्याला जगात आणखी कशाविषयी असे वाटलेले नाही, हे जाणवून त्याला उगाच एकटे एकटे वाटे.

युद्ध संपले, वर्ष-दीड वर्षाने कारखान्याने माणसे कमी केली, त्यांत सहदेव निघाला. येताना त्याने भंगारातून मशीनच्या करवतीची झिजलेली पाती आणली. तीस-बत्तीस, गोणपाटात गुंडाळून. हायस्पीडचीच. ही पाती तापवायची नव्हती, ठोकायची नव्हती. सहाणेच्या चाकावर थंड पाण्याची धार धरून नुसती झिजवायची. एका सुरीला आठ-आठ दिवस लागत. आळीत त्याचे हसे झाले. शेजारच्या भट्टीवरचा राघो तर रोज सकाळी ओट्यावरून ओरडे, "काय सहदेवराव, उजवलं का पोरीला? का अजून न्हाणीतच हाय?"

सहदेव चाकावर पाण्याची धार धरत राही. राघोने आयुष्यात पाट्याशिवाय दुसऱ्या पोलादाला हात लावला नव्हता. विहिरीतल्या बेडकाशी समुद्राविषयी बोलायचे तरी काय?

धोंडीबा मात्र हसत नसे. तो मितभाषी होता, आणि त्याच्या सुरीवर जो ठसा असे तो त्याच्यासाठी पुरेसा बोलत असे. ठसा म्हणजे बोटभर लांबीची पोलादी कांडी. तिच्या टोकाला चंद्रकोर आणि कोरीखाली दोन टिंबे. सहदेवच्या पणजाने जुन्नराकडून येताना ती कमरेला बांधून आणली होती. आंबिवली, टिटवाळ्यापासून खाडीपर्यंतच्या गावांत लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका कोर आणि टिंबे बोटांनी चाचपून सुरी घेत. ठशावाचून सुरी म्हणजे कुणाचीच नसलेली सुरी. कित्येक पाती वाया घालवून सहदेवच्या मनाजोग्या झालेल्या दोन सुऱ्या कोनाड्यात पडल्या होत्या, आणि त्यांच्यावर ठसा नव्हता.

एकोणपन्नास साली, नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, त्याने धीर केला.

"आबा, यांच्या मुठीच्या पितळी कड्यावर ठसा मारू द्या."

धोंडीबाने सुरी हातात घेतली, नखावर ओढली, जिभेला लावली, खाली ठेवली. "चांगली हाय."

"मग?"

"चांगली हाय हे मी म्हणून काय उपेग? मी काय मासळी कापतो?" धोंडीबाने भात्याची दांडी धरली. "असं कर सदा. एक सुरी रंगूबायला दे. खंडेनवमीपर्यंत वापरू दे. तवर तिनं येऊन दुसरी मागितली, तर त्या दिवशी हत्यारांची पूजा तू करायची. ठसा तुझा. भट्टी तुझी, मग तू ती पेटव नाहीतर विझव."

"आणि नाही मागितली तर?"

"तर पाट्याला बसायचं. माझ्यासंगं. तोंड वाकडं न करता."

सहदेवने मान हलवली. तोंड वाकडे न करता हे त्याला अवघड गेले असते. पण तशी वेळ येणारच नव्हती. त्याला दुःख एवढेच झाले की जगातल्या सर्वांत अभिमानी पोलादाची परीक्षा एका मासे विकणाऱ्या बाईच्या पाटावर व्हायची होती.

रंगूबाई कोळीण खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. पन्नाशीची, काळीसावळी, नाकात मोठी नथ, आवाज असा की बाजाराच्या या टोकाला हसली तर त्या टोकाला भाव पडे. मासळी बाजारातल्या तीस-चाळीस बायका ती घेई ती सुरी घेत. ती आली ती टोपली ओट्यावर आदळूनच.

"धोंडूदादा, कुठं हाय तुज्या सोकऱ्याची नवरी? बगू तरी मना."

सहदेवने सुरी पुढे केली. तिने उलटीपालटी करून पाहिली, आणि मग लोहाराला न विचारता, बाजारातल्या रिवाजाप्रमाणे, सरळ सहाणेच्या चाकाशी गेली. पायटा मारला, चाक घरघरले, आणि तिने सुरीची पाठ चाकाला लावली.

पाट्याच्या सुरीला लावले असते तर दिवाळीतल्या फुलबाजीसारख्या पांढऱ्या, फुटणाऱ्या ठिणग्यांचा पिसारा उडाला असता. त्या पिसाऱ्यावरूनच खाडीकाठच्या बायका पोलाद पारखत. जेवढ्या ठिणग्या तेवढी सुरी जिवंत, हे त्यांचे शास्त्र. सहदेवच्या सुरीतून दोन-चार आखूड, काळपट लाल रेषा निघाल्या आणि चाकाच्या पोटातच विझल्या.

रंगूबाईने पायटा थांबवला. सुरीकडे पाहिले, मग सहदेवकडे, मग सुरीकडे.

"अगो बाय! ही तं मेलेली हाय रं."

ओट्यावरून राघो खदखदून हसला. "मी रोज सांगतोय त्याला, न्हाऊ-माखू घालू नको, आता माती दे म्हणून."

"ठिणगी कमी पडते कारण या पोलादात दुसऱ्या धातूंचा मिलाफ आहे," सहदेव म्हणाला. त्याचे कान तापले होते. "ठिणगी जास्त म्हणजे पोलाद चांगलं, असं नसतं. ठिणगी म्हणजे जळणं. हे जळत नाही."

"काय बोलतंय ह्यो?" रंगूबाईने धोंडीबाला विचारले.

"तो म्हणतो, ही लई दिवस टिकंल."

"मंग असं बोल ना सरल! कीर्तन कशाला करतंस?" तिने सुरी टोपलीत टाकली. "तुज्या बापासाठी नेताव. मासली कापली तं देवाची, नाय कापली तं तुज्या डोक्यात घालन."

ती गेल्यावर सहदेव बराच वेळ चाकापाशी उभा राहिला. ज्याला आग लागत नाही त्याला मेलेले म्हणणारी ही माणसे. त्यांना उजेड हवा होता, फटाका हवा होता. धार नको होती. आपली जागा या लोकांत नाही, हे त्याला पूर्वीही वाटे. त्या दिवसापासून ते त्याला सुखाचे वाटू लागले.

पुढचा महिना-दीड महिना तो रोज सकाळी बाजारात जाऊ लागला. काथ्याच्या दोऱ्या विकणाऱ्या दुकानाच्या आडोशाला उभा राहून तो रंगूबाईचे हात पाही. बोंबील, मांदेली, मुडदुशा, खाडीतली कोळंबी. सुरी फिरत होती आणि तिची धार जराही उतरत नव्हती. शेजारच्या बायकांच्या पाट्याच्या सुऱ्या दहा वाजेपर्यंत बोथट होत. मग त्या एका सुरीची पाठ दुसरीच्या धारेवर खसाखसा घाशीत आणि पुन्हा कापू लागत. रंगूबाईला ते करावे लागत नव्हते. तिच्या ते लक्षातही आलेले दिसत नव्हते. जी गोष्ट खुपत नाही तिच्याकडे माणूस पाहत नाही. चांगल्या धारेचे असेच होते, सहदेवला वाटले, आणि चांगल्या माणसाचेही बहुधा असेच होत असावे.

एकदा तो पहाटफुटीला बंदराच्या पायऱ्यांकडे गेला. तिथे बाजारापूर्वी सगळ्या बायका सुऱ्या परजायला बसत. खालच्या पायरीचा काळा दगड पिढ्यान्‌पिढ्यांच्या घासण्याने पन्हळीसारखा खोलगट झाला होता. खारे पाणी शिंपडायचे, सुरी घासायची, आणि घासता घासता कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या होडीला भोक पडले, हे सगळे बोलून घ्यायचे. वीस सुऱ्यांचा तो खर्रखर्र आवाज खाडीवर दूरवर जाई. रंगूबाईही बसली होती. तिच्या सुरीला धारेची गरज नव्हती, तरी ती घासत होती. आणि तिच्या सुरीचा आवाज येत नव्हता. नुसती घसरत होती, काचेवरून काच घसरावी तशी.

"रंगूआते, तुजी सुरी मुकी झाली गो," एक तरुण पोरगी म्हणाली.

"नवरा मुका मिलाला तं बरा. सुरी मुकी काय कामाची?" रंगूबाई म्हणाली, आणि सगळ्याजणी हसल्या; पण तिने सुरी दोनदा वळवून पाहिली, दगडाकडे पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर असे काही आले की जणू पंगतीत सगळ्यांना वाढले आणि तिचे पान तेवढे रिकामे राहिले.

हे सहदेवने पाहिले आणि त्याला समजलेही. पाट्याचे पोलाद या दगडाला वश होते. रोज मऊ पडे, रोज या पायरीवर येऊन पुन्हा धारदार होई, आणि म्हणून या बायका रोज इथे येत. त्यांना न झिजणारी सुरी नको होती. आपल्या हाताने दुरुस्त होईल अशी सुरी हवी होती. एवढे समजूनही त्याला त्यांच्याविषयी माया वाटली नाही. गरजेपेक्षा सवय मोठी मानणाऱ्यांविषयी त्याच्या मनात एकच भावना होती, आणि ती आणखी खोल गेली.

पण त्या सकाळी त्याने आणखी एक गोष्ट पाहिली, आणि तिने त्याची झोप उडवली. पायरीवर रंगूबाईच्या टोपलीशेजारी चिंचेच्या लाकडाचे एक दांडके पडले होते. लहान मासळीला त्याचे काम नव्हते. पण घोळीसारखी मोठी मासळी आली, की बायका सुरी तिच्या कण्यावर ठेवत आणि वरून, सुरीच्या पाठीवर, दांडक्याचा घाव घालत. पाट्याचे पोलाद असा घाव पोटात घेई, जरा लवे, पुन्हा सरळ होई. हायस्पीड लवत नाही. ते सगळे सोसते, फक्त घाव सोसत नाही.

त्याच वेळी पुढे होऊन चार शब्द सांगायचे होते: आते, हिच्यावर ठोकू नका. एवढेच. पण ते सांगणे म्हणजे त्या हसणाऱ्या वीस बायकांपुढे कबूल करणे, की पाट्याला जमते ते हिला जमत नाही. सहदेव पायरीवरून परत फिरला. खंडेनवमीला अठरा दिवस उरले होते. एवढ्यात घोळ येणार नाही, असे त्याने स्वतःला सांगितले. आणि आली तरी लहान येईल.

त्या दुपारी धोंडीबाने पाटा चिरता चिरता विचारले, "सदा, तुझं ते पोलाद ठोकलं तर?"

"ठोकायचं नसतं."

"तिला सांगितलंस?"

"सांगितलं," सहदेव म्हणाला.

आयुष्यात तो बापाशी फारसे खोटे बोलला नव्हता. फारसे बोललाच नव्हता.

पितृपक्षाच्या शेवटच्या दिवसांत घोळ आली. हातभर रुंद, सोनेरी पाठीची, जाळ्यात एकटीच सापडलेली. बाजारात गर्दी जमली. सहदेव दोऱ्यांच्या दुकानाआड उभा होता. रंगूबाईने पदर खोचला, सुरी कण्यावर ठेवली, दांडके उचलले. सहदेवने तोंड उघडले. त्याचा आवाज, जो चार माणसांतही कधी बाहेर पडला नव्हता, तो शंभर माणसांत कुठून पडणार होता?

दांडके खाली आले. काच फुटल्यासारखा एक कोरडा आवाज झाला. अर्धी सुरी कण्यात राहिली, आणि दुसरा अर्धा तुकडा उसळून रंगूबाईच्या डाव्या तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी, शिरला.

ती ओरडली नाही. तिने तो तुकडा दुसऱ्या हाताने उपसून काढला, पाहिला, आणि म्हणाली, "मेलेलीच व्हती. मी बोललं व्हतं." मग रक्त आले, आणि मग बायकांचा गलका. सहदेव तिथून पळाला. पळताना त्याला जाणवले की आपल्याला तिच्या हाताआधी सुरीचे वाईट वाटले. ते जाणवल्यावर तो धावायचा थांबला आणि एका भिंतीला टेकून उभा राहिला. ज्या माणसांना आपण आजवर तुच्छ मानले त्यांतल्या कुणाच्या मनात अशी गोष्ट आली असती का, याचा तो विचार करू लागला, आणि एकाचेही नाव त्याला आठवेना.

तिसऱ्या दिवशी रंगूबाई आळीत आली. डाव्या हाताला हळदीने पिवळे झालेले फडके. टोपली सून घेऊन आली होती. ओट्यावर बसत ती म्हणाली, "धोंडूदादा, मना सुरी पायजे. तुज्या हातची. लवकर दे, परवा परत बाजाराला बसायचाय."

धोंडीबाने तिच्या हाताकडे पाहिले. मग सहदेवकडे न पाहता विचारले, "रंगूबाय, एक सांग. ठोकू नको म्हणून पोरानं तुला सांगितलं होतं का?"

भट्टीशेजारी सहदेव उभा होता. रंगूबाईचे डोळे त्याच्यावर येऊन थांबले. तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले, शिळ्या मासळीचे कल्ले उचलून पाहावेत तसे, आणि तिला जे दिसायचे ते दिसले.

"सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "मीच इसरले. बाईमानसाची जात, बोलता बोलता इसरले."

धोंडीबाने सुस्कारा सोडला. त्याचे खांदे सैल पडले. दोन दिवस धरून ठेवलेले काहीतरी त्याने खाली ठेवले. "मग चूक पोराची न्हाय," तो म्हणाला, आणि कनवटीची कांडी काढून त्याने ऐरणीवर ठेवली. "दुसरी सुरी तिनं मागितली न्हाय हे खरं. पण न सांगता दिली असती तर गोष्ट वेगळी. तू सांगितलंस. ठसा घे, सदा."

ठसा ऐरणीवर होता, हात पुढे केला तर लागेल एवढ्यावर. सहदेवला तो हवा होता. त्या कांडीसाठी त्याने दोन वर्षे आळीचे हसू सोसले होते. आणि तो आता मिळत होता तो एका मासेवालीने दयेने बोललेल्या खोट्याच्या जोरावर, जिला त्याचे पोलाद कळले नव्हते, पण तो मात्र एका नजरेत कळला होता.

"मी सांगितलं नव्हतं, आबा," तो म्हणाला. "दांडकं मी पाहिलं होतं. तरी सांगितलं नाही."

भट्टीतला कोळसा फुटला. 

"जल्ला तुजा तोंड!" रंगूबाई एकदम उसळली. "गप ऱ्हायला काय झालं व्हतं तुना? मी खोटा बोलून बसले, आन् ह्यो हरिश्चंद्र! आरं, तुज्यासाठी नाय बोलले मी. तुज्या बापासाठी बोलले. तेच्या डोल्याला आता काय दिसतं? तू भट्टी घेतली असती तं म्हातारा सुखानं बसला असता."

"डोळ्याला?" सहदेव म्हणाला.

"बग, पोराला ठावंच नाय! सगल्या बाजाराला ठावं हाय. दोन वर्सं झाली. आमी काय आंधल्या हाव?"

सहदेवने बापाकडे पाहिले. धोंडीबा ऐरणीवर हात फिरवीत होता. बोटे ठशाच्या दोन इंच अलीकडे थांबली, मग सरकत सरकत त्याच्यापाशी गेली. ही बोटे अशी चाचपतात हे सहदेवने अनेकदा पाहिले असले पाहिजे. तो ठिणगीचा रंग वाचू शकत होता, लेथवरच्या लाल टोकाच्या छटा सांगू शकत होता. एका ओट्यावर, एका भट्टीशी दोन वर्षे बसून त्याने बापाकडे एकदाही पाहिले नव्हते.

"लाल आणि पिवळं," धोंडीबा म्हणाला, "आता मला एकच दिसतं. अंदाजानं पाणी पाजतो. कधी कमी तापतं, कधी जास्त. पण पाटा हाय. समजून घेतो."

"आणि सुऱ्या?" सहदेवने विचारले.

"एकबी परत आली नाय," रंगूबाई म्हणाली. "कंदी जरा मऊ निगते. मंग चार हात जास्ती घासताव. त्याला काय लागतं?"

ठसा पुन्हा धोंडीबाच्या कनवटीला गेला. "ठरलं तसं," तो म्हणाला. "बस पाट्याला. तिची सुरी तू कर. रंग तू बघ."

सहदेवने पाटा भट्टीत घातला. धोंडीबा भात्यावर बसला. चिरला, ठोकला, लांबवला. हात विसरले नव्हते. पाते आकाराला आले आणि पाणी पाजायची वेळ आली. पाते पुन्हा तापू लागले. काळे, मग जांभळट, मग पिकलेल्या करवंदाच्या गराचा लाल. इथेच काढायचे. पण त्याचे डोळे भरून आले होते, धुराने की कशाने कोण जाणे, आणि पाण्यातून पाहावे तसा रंग हलत होता. त्याने डोळे पुसले तोवर पाते नारिंगीही ओलांडून पिवळे पडले होते. कारखान्यात असे पाते पाहून मिस्त्रीने ते न बोलता भंगारात फेकले असते. हायस्पीड असते, आणि त्याच्या रीतीत एवढी चूक झाली असती, तर ते तडकून गेले असते, आणि त्याला तसे करण्याचा हक्कही होता.

"बिघडलं, आबा," तो म्हणाला.

"बुडव."

"जास्त तापलंय."

"बुडव म्हणतो ना."

त्याने बुडवले. तेल उकळले, धूर उठला. बाहेर काढून, जरा शेकून त्याने पाते ऐरणीच्या कडेवर आपटले, तुटावे या इच्छेने आपटले. ते खणखणले आणि जसेच्या तसे राहिले. पाठीवर घणाचा घाव घातला. लवले, सरळ झाले. मग चाकावर धरून धार काढली. पांढऱ्या ठिणग्यांचा पिसारा उडून रंगूबाईच्या लुगड्यापर्यंत गेला, आणि ती समाधानाने मागे सरकली.

सहदेव त्या सुरीकडे पाहत उभा राहिला. चांगली होती. उत्तम नव्हती, कधी होणारही नव्हती. पण कापील, लवेल, झिजेल, आणि पुन्हा कापील. तिच्यात त्याची चूक पूर्णपणे जिरून गेली होती. एखाद्या वस्तूने आपला अपमान करावा तर असा, असे त्याला वाटले. त्याने केलेल्या वाईट गोष्टीची खूण जगात कुठे राहायला हवी होती, तर ती या पात्यावर. आणि पात्याने ती ठेवायचे नाकारले होते. इतक्या सहज क्षमा करणाऱ्याविषयी आदर तरी कसा वाटावा? त्याला तो वाटला नाही. पुढेही कधी वाटला नाही, त्याने आयुष्यभर पाट्याच्याच सुऱ्या केल्या तरी.

"आण इकडं," धोंडीबा म्हणाला. त्याने कनवटीचा ठसा काढला, डाव्या हाताने पाते चाचपले, उजव्या हातात हातोडा घेतला, आणि ठसा धरलेली बोटे पात्यावर इकडेतिकडे सरकू लागली. "जागा दाव."

सहदेव गुडघ्यांवर बसला. बापाचे मनगट धरून त्याने ठसा मुठीच्या वर, चार बोटे अंतरावर, आणून उभा केला. ते मनगट त्याला वाटले होते त्यापेक्षा पुष्कळच बारीक होते.

"हितं?"

"इथं."

घाव पडला. कोर जराशी तिरपी उमटली. रंगूबाईने उजव्या अंगठ्याने कोर चाचपली, खालची दोन टिंबे चाचपली, सुरी सुनेच्या टोपलीत टाकली, आणि दुखरा हात छातीशी धरून आळीतून बाजाराकडे चालू लागली.